टाक्याला जागा हवी

गेल्या अंकात जाड सुईवरच्या क्रोशाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. कुणी जुन्या टी-शर्टांच्या पट्ट्या काढून पायपुसणी विणतंय, कुणी जाड लोकरीचं पांघरूण घेऊन बसलंय, कुणाची टोपली उभीच राहत नाहीये. पत्रं वाचताना एक गोष्ट पुन:पुन्हा जाणवली. बारीक दोऱ्यावर शिकलेला हात जाड पट्टीवरही तसाच आवळून चालतो आणि निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात. जाड कामात टाक्याला जागा द्यावी लागते. ती कुठे द्यायची आणि कुठे मुद्दाम द्यायची नाही, हे उत्तरांत येईलच. एकाच अडचणीची अनेक पत्रं होती, तिथे त्यातलं एक निवडलं आहे.

प्रश्न : ताई, टी-शर्टच्या पट्ट्यांचं गोल पायपुसणं विणतेय. साठ सेंटीमीटरचं झालं, पण जमिनीवर ठेवलं की कडा वर उचलल्या जातात, अगदी परातीसारखं दिसतं. प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवतेय, म्हणजे नियमाप्रमाणेच. मग चुकलं कुठे?

तुमचं मोजण्यात चुकलेलं नाही. सहाचा आकडा कुठून आला ते एकदा समजून घ्या, म्हणजे तो कधी बदलायचा हेही कळेल.

गोलाची प्रत्येक फेरी त्रिज्येत आपल्या उंचीइतकी भर घालते. त्रिज्या जेवढी वाढते त्याच्या साधारण ६.२८ पट परीघ वाढतो. मुका खांब, म्हणजे क्रोशातला बुटका साधा टाका, जेवढा उंच तेवढाच रुंद असेल, तर दर फेरीला सहा-सव्वासहा टाक्यांची जागा नव्याने तयार होते, म्हणून सहा. पूर्ण खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून त्याला बारा. अर्धा खांब मधला, त्याला आठ-नऊ. हा हिशोब टाक्याच्या आकाराचा आहे आणि टाक्याचा आकार तुमचा हात, पट्टी आणि सुई मिळून ठरवतात.

आता एक छोटा चौकोन विणा, पाच टाके आणि पाच ओळी. समजा पाच टाक्यांची रुंदी १० सेंटीमीटर आणि पाच ओळींची उंची ११ भरली. म्हणजे तुमचा टाका रुंदीपेक्षा थोडा उंच आहे. ११ ला १० ने भागलं आणि ६.२८ ने गुणलं की जवळजवळ सात येतात. तुम्हाला फेरीला सात वाढी हव्या होत्या, तुम्ही सहा दिल्यात. पाच-सहा फेऱ्यांपर्यंत हा एकेका टाक्याचा तुटवडा दिसत नाही. पुढे तो साठत जातो आणि कडा वर येते. उलट वाढी जास्त झाल्या की कडेला लाटा येतात.

टी-शर्टच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते आणि ती मला हिशोबापेक्षाही महत्त्वाची वाटते. ही पट्टी ताणली जाते. आपण विणताना ती ओढून घेतो, टाका ताणलेल्या अवस्थेत बसतो. सुई पुढे गेली की पट्टी हळूहळू आपल्या मूळ लांबीवर येते आणि सगळी फेरी आत ओढली जाते. माझं पहिलं गोल पायपुसणं रात्री सपाट होतं आणि सकाळी त्याची वाटी झाली होती. वाढी बरोबर होत्या, मीच सगळी पट्टी ताणून विणली होती. तेव्हापासून गुंड्यातून हातभर पट्टी आधी सोडवून मांडीवर सैल ठेवते, मगच टाका घेते.

तुमचं काम वाचवता येईल. पायपुसणं जमिनीवर ठेवा, मधून बाहेरच्या बाजूला तळहात फिरवत या आणि जिथे पहिल्यांदा हाताला उभार लागेल त्या फेरीवर मोठी सेफ्टी पिन लावा. तिच्या आतली एक फेरीही उसवा, कारण बिघाड दिसण्याच्या आधी सुरू झालेला असतो. तिथून सात वाढींनी पुढे जा. दर फेरीला वाढीची जागा थोडी सरकवा. वाढीवर वाढ आली की कोपरे पडून गोलाचा सप्तकोन होतो. आणि प्रत्येक फेरीनंतर काम जमिनीवर ठेवून पाहा. मांडीवर सगळंच सपाट दिसतं.

प्रश्न : सुया घ्यायला गेले तर एकीवर ‘क्यू’, दुसरीवर फक्त १५ आणि घरातल्या एका जुन्या सुईवर तीन शून्यं. कापडाच्या पट्टीला नेमकी कुठली घ्यायची?

अक्षरांकडे बघूच नका, मिलिमीटर बघा. अमेरिकन अक्षरपद्धतीत ‘क्यू’ कुठे १५ मि.मी.ला लावतात, कुठे १६ ला. जुन्या ब्रिटिश पद्धतीत आकडा वाढला की सुई बारीक होते आणि तीन शून्यांची सुई म्हणजे १० मि.मी. तुमची जुनी सुई तीच असणार. ती जपून ठेवा, पट्टीच्या कामाला अगदी उपयोगी आहे.

लोकरीच्या जाडीची जी क्रमवारी हल्ली वेष्टनांवर असते, तिच्यात ५ क्रमांकाच्या जाड लोकरीला ६.५ ते ९ मि.मी., ६ क्रमांकाच्या अतिजाड लोकरीला ९ ते १५ आणि सगळ्यात जाड ७ क्रमांकाला १५ च्या पुढची सुई सुचवलेली असते. कापडाच्या पट्टीला वेष्टन नसतं, म्हणून मी एक साधी परीक्षा करते. पट्टी दोन बोटांत सहज चुरगळायची, जशी ती टाक्यात चुरगळेल तशी, आणि सुईच्या टोकाच्या आकड्यात, म्हणजे हुकात, अडकवायची. आकडा भरला पाहिजे, पण पट्टी बाहेर ओसंडता कामा नये. ओसंडली तर दर टाक्याला सुई पट्टीला भोसकत जाणार. आकडा अर्धा रिकामा राहिला तर वीण जाळीदार होणार, पायपुसण्याला ते चालत नाही. अंगावरच्या शालीला मात्र तीच जाळी छान दिसते.

माझ्या हाताला मध्यम जाडीच्या टी-शर्टची अडीच सेंटीमीटरची पट्टी १० किंवा १२ वर बसते, पातळ सुती चादरीची तेवढीच पट्टी १० वर. जीन्सची पट्टी एक सेंटीमीटरच्या वर मी कधी कापत नाही. तुमचा हात वेगळा असेल, म्हणून पाच टाक्यांचा नमुना विणल्याशिवाय ढीगभर पट्ट्या कापू नका.

आणि सुरुवातीची साखळी एक आकार मोठ्या सुईने घाला. पट्टीची साखळी फार लवकर आवळते, मग पहिल्या ओळीत सुई शिरता शिरत नाही.

प्रश्न : चादर फाडायची की कापायची? आणि एका चादरीत काय काय होतं?

चादर फाडा, टी-शर्ट कापा.

सुती विणलेल्या कापडाला एक चीर दिली की ते दोऱ्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्रीने तितकं सरळ जात नाही. लांबीच्या दिशेने, म्हणजे किनारीला समांतर फाडा. ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, मजबूत दोरे मग पट्टीच्या लांबीत राहतात आणि ओढताना ती तुटत नाही. आडवी फाडलेली पट्टी जास्त दोरे सोडते, असा माझा अनुभव आहे. फाडताना बारीक तंतू खूप उडतात. नाकाला रुमाल बांधा आणि दार-खिडकी उघडी ठेवा. वर्षानुवर्षं वापरलेली चादर मधोमध विरलेली असते. तो भाग उजेडासमोर धरला की दिसतो. तिथली पट्टी अर्धा सेंटीमीटर जास्त रुंद घ्या, म्हणजे वीण सगळीकडे एकसारखी जाड येते.

हिशोब सोपा आहे. १५० बाय २२५ सेंटीमीटरची चादर, अडीच सेंटीमीटरच्या पट्ट्या, म्हणजे साठ पट्ट्या, प्रत्येक सव्वादोन मीटरची. एकूण १३५ मीटर. पण लांबीवरून पायपुसण्याचा अंदाज येत नाही, वजनावरून येतो. १० बाय १० सेंटीमीटरचा नमुना विणा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. माझा शेवटचा नमुना २५ ग्रॅम भरला. ६० बाय ९० च्या पायपुसण्यात असे ५४ चौकोन बसतात, म्हणजे १ किलो ३५० ग्रॅम कापड. तशा आकाराच्या सुती चादरी साधारण तीन लागल्या. अर्ध्यावर कापड संपलं की होणारी तगमग मी अनुभवली आहे. तोच रंग पुन्हा मिळत नाही.

जोड नको असतील तर नागमोडी फाडता येतं. एका टोकाकडून फाडत जायचं, दुसरं टोक दीड सेंटीमीटर राहिलं की थांबायचं, पुढची चीर त्या दुसऱ्या टोकाकडून द्यायची. अखंड पट्टी मिळते, पण प्रत्येक वळणावर एक चौकोनी कान येतो. तो कात्रीने गोल करून टाका, नाहीतर विणीतून बाहेर डोकावतो.

सुट्या पट्ट्या जोडताना गाठ मारू नका, पायाला टोचते. दोन्ही पट्ट्यांच्या टोकाशी सेंटीमीटरभर जागा सोडून काजासारखी बारीक चीर द्या. जुनी पट्टी खाली, नवी वर, काजावर काज येऊ द्या. आता नव्या पट्टीचं दुसरं, मोकळं टोक खालून वर दोन्ही काजांतून ओवा आणि सावकाश ओढा. टोकं एकमेकांना धरतात आणि जोड विणीत लपून जातो. अंगावर घ्यायच्या वस्तूला मात्र तिरकी शिवणच बरी, ती अगदी सपाट बसते.

टी-शर्टची गोष्ट निराळी. काखेखालचा नळकांड्यासारखा भाग घ्या, खालची दुमड कापून टाका आणि आडव्या पट्ट्या कापा. एका बाजूला तीन सेंटीमीटर न कापता सोडायचे. मग तो न कापलेला भाग उघडून एका पट्टीतून शेजारच्या पट्टीत तिरकं कापत गेलं की सगळी लांब पट्टी सुटते. बाजूला शिवण नसलेले टी-शर्ट यासाठी सर्वांत चांगले. शेवटी पट्टी हातात धरून ओढायची. कडा आपोआप आत वळतात आणि गोल दोरी तयार होते. होजिअरीचं कापड आडवं कापून ताणलं की ते सुलट बाजूकडे वळतं, म्हणजे छापलेली अक्षरं-चित्रं आत जातात आणि उलट बाजूचा फिकट रंग बाहेर येतो. टी-शर्ट निवडताना म्हणूनच तो उलटा करून रंग बघा.

प्रश्न : लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचं पायपुसणं पहिल्याच धुण्यात गुलाबी झालं. मिठाच्या पाण्यात भिजवलं असतं तर वाचलं असतं का?

नाही. सुती कापडातून सुटणारा रंग मिठाने किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. कापायच्या आधीच गडद कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवायचं. फडक्याला डाग लागला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धुवायचं आणि चार-पाच धुण्यांनंतरही रंग येत असेल तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी घ्यायचंच नाही. नवं कापडही आधी धुवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल.

प्रश्न : मी पंधराच्या सुईने जीन्सच्या पट्ट्यांची बैठक विणतोय. तीन आठवड्यांत उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात दुखायला लागलं. ऑफिसात दिवसभर कीबोर्ड असतोच. क्रोशा सोडायचा का?

सोडू नका, पण ही बैठक सध्या बाजूला ठेवा. खरंच ठेवा. जीन्सच्या कामात मी एकदा दुखणं अंगावर काढत महिनाभर रेटून विणलं आणि त्यानंतर दीड महिना मला साधी बाटली उघडता येत नव्हती. अंगठ्याने दिलेला पहिला इशाराच ऐकायचा असतो.

का दुखतं, ते बघा. बारीक क्रोशात सुई पेन्सिलीसारखी धरतात आणि मनगटाच्या छोट्याशा झटक्याने धागा ओढतात. धाग्याला वजन नसतं, म्हणून चालतं. जीन्सची पट्टी त्या झटक्याने येत नाही. मग अंगठा सुई दाबून धरतो, मनगट पिळतं आणि दर टाक्याला तेच होतं. जाड सुई मुठीत, वरून धरा, सुरी धरतो तशी. तर्जनी दांडीवर पसरून ठेवा. आणि ओढताना मनगट सरळ ठेवून कोपर मागे न्या. पहिले दोन दिवस फार अवघडल्यासारखं होईल, तिसऱ्या दिवशी हाताला लय सापडते.

पट्टी घरातून, म्हणजे ज्या भोकात सुई शिरते तिथून, बाहेर काढताना सुईचा आकडा थोडा खाली, जमिनीकडे वळवा. आकडा वर राहिला की तो वरच्या पट्टीत अडकतो आणि आपण जोर लावतो. टाका आकड्याखालच्या मानेवर घट्ट करू नका, पूर्ण जाडीच्या दांडीवर येऊ द्या. मान बारीक असते. तिथे आवळलेला टाका पुढच्या ओळीत सुईला आत घेत नाही.

कामाचं वजन हाही एक भाग आहे. अर्धी झालेली बैठक दोन-अडीच किलोची असते आणि मांडीवरून लोंबत राहिली तर तिचा सगळा भार डाव्या हातावर येतो. मोठं काम टेबलावर पसरा, टेबलावरच फिरवा, उचलू नका. लाकडी सुई खरखरीत असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने घासून तिला थोडं मेण चोळा. पट्टी कशी सुळकन निघते ते हातालाच कळेल. पोकळ प्लॅस्टिकची सुई हलकी असते, पण होजिअरीची पट्टी तिला चिकटल्यासारखी होते. सुती चादरीला ती ठीक.

वीस मिनिटं विणलं की सुई खाली ठेवा, मुठी उघडा-मिटा करा. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, तिथे माझा सल्ला पुरणार नाही. हात बरा झाला की बैठक सुती चादरीच्या दोन सेंटीमीटरच्या पट्टीत नव्याने सुरू करा. जीन्सच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या वाया जात नाहीत. त्या लांबीत मधोमध चिरून अर्ध्या करा आणि कडेच्या एका ओळीला वापरा, दिसायलाही छान दिसतात.

प्रश्न : बोटाएवढ्या जाड मऊ लोकरीचं पांघरूण मोठ्या हौसेने केलं. दोन महिन्यांत त्यावर गोळे आले आणि सगळीकडे तंतू उडतात. माझ्या विणण्यात दोष आहे का?

तुमच्या विणण्यात काही दोष नाही, हे आधी सांगते, कारण पत्रात तुम्ही स्वत:ला फार बोल लावला आहे.

धाग्याला ताकद येते ती पिळामुळे. पीळ तंतूंना एकमेकांवर दाबून धरतो. ती बोटाएवढी जाड, ढगासारखी दिसणारी लोकर म्हणजे नुसते पिंजून एका दिशेने बसवलेले तंतू असतात, त्यांना पीळ जवळजवळ नसतो. अंग घासलं की तंतू बाहेर येतात आणि एकमेकांत गुंतून त्यांचे गोळे होतात. ते कुणाच्याही हातचं झालं असतं. मीही असं एक पांघरूण केलं होतं आणि वर्षभराने ते खुर्चीच्या पाठीवर कायमचं गेलं. तिथे ते अजून सुंदर दिसतं.

गोळे ओढून काढू नका, ओढलं की मागून आणखी तंतू येतात. छोट्या कात्रीने अलगद कापा. धुवायचं झालं तर थंड पाण्यात नुसतं बुडवून दाबायचं, चोळायचं नाही, मशीनमध्ये तर मुळीच नाही. खऱ्या लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ऊब, ओलावा आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि पांघरुणाचा आटलेला नमदा होतो, तो पुन्हा सुटत नाही.

पुढचं पांघरूण करताना नेहमीच्या मध्यम जाडीच्या, चांगल्या पिळाच्या लोकरीचे तीन धागे एकत्र धरा आणि १२ च्या सुईने विणा. जाडी मिळते आणि धागा टिकतो. तीन छटा एकत्र धरल्या तर जो मिसळलेला रंग येतो तो कुठल्याच गुंड्यात विकत मिळत नाही. मला या कामात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. शेवटची टोकं ओवताना तिन्ही धागे सुटे करून तीन वेगळ्या दिशांनी ओवा. एकत्र ओवलेलं जाड टोक फुगवटा करतं आणि चार दिवसांत बाहेर येतं.

प्रश्न : पट्टीची टोपली विणली, पण ती पिशवीसारखी बसते.

इथे मात्र टाक्याला जागा द्यायची नाही. पायपुसण्याला १० ची सुई घेतली असेल तर टोपलीला तीच पट्टी ८ वर घ्या आणि फक्त मुका खांब घाला. बूड संपून भिंत सुरू होते ती पहिली फेरी टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यात विणा, म्हणजे काटकोनात घडी पडते. भिंतीची उंची बुडाच्या रुंदीपेक्षा कमी ठेवा. टी-शर्टपेक्षा चादरीच्या पट्टीची टोपली ताठ राहते. हाताला त्रास होतो, म्हणून दिवसाला दोनच फेऱ्या.

प्रश्न : माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. आयुष्यभर तिने बारीक क्रोशा केला, एक मिलिमीटरच्या सुईने. आता दृष्टी अधू झाली आणि पांढऱ्या दोऱ्यावर टाका दिसत नाही. मी तिला पंधराची सुई आणि टी-शर्टचा काळा गुंडा आणून दिला. चार टाके घातले आणि म्हणाली, “हे दोरखंड वळण्याचं काम आहे, क्रोशा नव्हे.” तेव्हापासून सुई पडून आहे. तिला पुन्हा विणताना बघायचंय. काय करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आईंचं म्हणणं बरोबर आहे, असं मला वाटतं. त्यांनी जे केलं ते फार नाजूक काम होतं आणि आपण त्यांच्या हातात एकदम त्याच्या उलट टोकाची वस्तू दिली. एकवरून पंधरावर कुणाचाच हात उडी मारत नाही.

आधी काळा रंग बदला. काळ्या पट्टीत चांगल्या डोळ्यांनाही टाका दिसत नाही. फिकट पिवळा, आकाशी, फिकट राखाडी, असा सपाट रंग घ्या, छापील नको. खाली गडद कापड अंथरा, म्हणजे घरं उठून दिसतात. पट्टी दीड सेंटीमीटरची, मऊ, एकसारख्या जाडीची आणि सुई ८ ची. पंधराची नको. आठची सुई त्यांना अजून पेन्सिलीसारखी धरता येईल आणि ओळखीची पकड हातात आली की निम्मा परकेपणा जाईल. पुढे त्यांना वाटलं तर त्या स्वत:च मोठी मागतील.

बारीक काम करणाऱ्यांना दोरा करंगळीभोवती दोनदा गुंडाळून घेण्याची सवय असते. त्या धरणुकीत पट्टी अडकते, पुढेच सरकत नाही. त्यांना एवढंच सांगा की पट्टी नुसती तर्जनीवरून येऊ द्यायची, करंगळीला काम नाही. बाकी काही शिकवू नका. पन्नास वर्षांचा हात आहे.

डोळ्यांचं काम बोटांना द्यायचंय. जाड पट्टीचा हा खरा मोठा गुण आहे. मुक्या खांबाचं वरचं टोक म्हणजे दोन पट्ट्या शेजारी शेजारी, वेणीच्या पेडासारख्या. अंगठा फिरवला की पेड लागतो आणि दोन पेडांच्या मधली खोलगट जागा लागते, तेच घर. खांबात तर मधली फट एवढी मोठी असते की बोटाचं टोक आत जातं. आईंना डोळे मिटून एक ओळ चाचपू द्या. फेरीच्या सुरुवातीला मोठी सेफ्टी पिन लावा, तीही बोटालाच कळते.

आता त्या दोरखंडाबद्दल. त्यांना पायपुसणं विणायला सांगूच नका. ओळीमागून ओळ मुका खांब घालण्यात त्यांच्यासारख्या हाताला काय गोडी वाटणार? त्यांच्या जुन्या रुमालांपैकी एक गोल रुमाल काढा, टेबलावर घालायचा असतो तसा. त्याची जी नक्षी त्यांना तोंडपाठ असेल, तीच या पट्टीत घालू द्या. साखळ्यांच्या कमानी, खांबांचे गुच्छ, सगळं तसंच. रुमालात सात फेऱ्यांना तळहाताएवढी जागा लागते. १२ च्या सुईवर जाड पट्टीत खांबांची एक फेरी साडेचार सेंटीमीटरच्या आसपास उंच येते, म्हणजे सात फेऱ्यांत साठ सेंटीमीटरच्या वरचं गोल जमिनीवर पसरतं. ८ वर थोडं लहान येईल. तुमच्या आईंनी जी जाळी आयुष्यभर डोळ्यांशी धरून विणली, ती त्यांना एवढी मोठी दिसेल की कमानीतून हात जाईल. मी हे एकदा दुसऱ्या एका आजींच्या हातून होताना पाहिलं आहे. तिसऱ्या फेरीला त्यांनी गुच्छावर हात ठेवला, मोजला आणि म्हणाल्या, “हे माझंच आहे.” नंतर मला एक शब्द बोलावा लागला नाही.

नक्षीत साखळ्यांच्या कमानी असल्याने गोल पहिल्यापासून थोडं लाटेसारखं वाटेल. घाबरू नका, मध्येच उसवायला लावू नका. पूर्ण झालं की ओलं करून जमिनीवर हाताने ओढून पसरायचं आणि वाळेपर्यंत कडेच्या कमानींवर वजन ठेवायचं. रुमाल टाचण्या लावून ताणतो, तसंच. ते आईंना माहीत असेलच.

सुरुवातीचं मधलं वर्तुळ सगळ्यात अवघड, तिथे सहा-आठ टाके एकाच भोकात जातात आणि काहीच दिसत नाही. तेवढं त्यांना नको वाटलं तर तुम्ही घाला. पण आधी विचारा, परस्पर करून ठेवू नका. आणि विणताना त्यांच्या शेजारी बसा. पट्टीचा गुंडा जड असतो, जमिनीवर पडून राहिला की दर टाक्याला मागे ओढतो आणि आईंचा टाका आवळतो. तुम्ही गुंडा मांडीवर घ्या आणि त्यांच्या सुईपुढे हातभर पट्टी सतत सैल सोडत राहा.